सायकलचा सुटा भाग शोधत जपानला

(सामुदायिक रेडिओवर झालेलं बोलणं, छापण्यासाठी थोडं आवरून)

मागच्या महिन्यात एका बचत गटाकडून आम्हाला प्रश्न आला होता. त्या बायकांनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता. एक गोरा माणूस जपानला गेला आणि तिथून पिशवी भरून काय आणलं, तर सायकलची जुनी पेडलं, जुने हब, जुने गिअर. त्यांनी विचारलं होतं, "विमानाचं तिकीट काढून भंगार आणायला कोण जातं? हे शहाणपण आहे की पैशाचा माज?"

प्रश्न वाचून आधी आम्हीही हसलो. मग आमच्याच गटातल्या एका घरची सायकल आठवली आणि हसू थांबलं.

त्या घरची मुलगी नववीत आहे. शाळा पाच किलोमीटरवर. शहरातल्या मामानं गिअरची सायकल दिली होती. पावसात चिखलात घसरून मुलगी पडली. तिला फारसं लागलं नाही, पण मागचा गिअर ज्या छोट्या पट्टीवर लटकतो ती पट्टी मोडली. अंगठ्याएवढी पट्टी. बाजारच्या दिवशी सायकलवाल्याकडे नेली तर तो म्हणाला, "ताई, ह्या पट्टीचा आकार प्रत्येक सायकलला वेगळा. ही माझ्याकडे नाही, तालुक्यालाही मिळेल असं वाटत नाही." सायकल तीन आठवडे गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी. चाकं नवी, चेन नवी, सीटवरचं प्लास्टिकही निघालेलं नाही. मुलगी पहाटे उठून चालत जायची, आणि घरी काम निघालं की त्या दिवशी शाळा बुडायची.

म्हणून आम्ही ठरवलं, हा विषय नीट समजून घ्यायचा. सायकलचे भाग गोळा करणारा माणूस जपानलाच का जातो? तिथं त्याला काय मिळतं? आणि त्यातून आपल्याला काय घेता येईल?

गोळा करणारे दोन प्रकारचे

जुन्या वस्तू जपणारी माणसं आपल्याकडेही आहेत. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचं संग्रहालय उभं केलं आहे. तिथं गेलं की कळतं, सायकल ही एक वस्तू नाही, शेकडो सुट्या भागांचा तो संसार आहे.

भाग गोळा करणाऱ्यांत दोन तऱ्हा असतात. एकाला वस्तू कपाटात मांडायची असते. जुन्या पेडलवरचं नक्षीदार नाव, चकचकीत पॉलिश, कागदी खोक्यासकट न वापरलेला हब, यात त्याला आनंद असतो. दुसऱ्याला चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची सायकल चालती ठेवायची असते. तिच्यात एखादा भाग मोडला आणि कारखाना बंद पडलेला असला, की जगात कुठं तरी तोच भाग शिल्लक आहे का, हे शोधणं आलं. हा दुसरा माणूस प्रवासाला निघतो तेव्हा त्याच्या खिशात मापं लिहिलेली वही आणि व्हर्नियर कॅलिपर असतं. माप घेण्याची ती चिमट्यासारखी पट्टी, लेथवाल्याकडे पाहिली असेल तुम्ही.

वही का? कारण सायकलचे भाग दिसायला सारखे आणि बसायला वेगळे असतात. पेडलचे दांडे ज्या नळीत फिरतात, त्या नळीच्या आट्यांचं माप फ्रान्समध्ये ३५ मिलिमीटर, इटलीत ३६ मिलिमीटर आणि इंग्लंडमध्ये १.३७ इंच, म्हणजे साधारण ३४.८ मिलिमीटर होतं. फरक तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढासुद्धा नाही. पण फ्रेंच भाग इंग्रजी सायकलला बसत नाही. जपानी कारागिरांनी मुख्यतः इंग्रजी माप धरलं. त्यामुळे त्यांचे भाग इंग्रजी मापाच्या सायकलींना जगभर बसू लागले. हे एक कारण. पण खरं कारण आणखी मागं आहे, एका गावात.

साकाई: आधी कुदळी, मग बंदुका, मग सायकली

ओसाका शहराला लागून साकाई नावाचं शहर आहे. भाग शोधणारा माणूस सहसा इथं आल्याशिवाय राहत नाही.

साकाईत पाचव्या शतकातली एक प्रचंड मोठी राजसमाधी आहे. मातीची टेकडीच ती, जवळजवळ अर्धा किलोमीटर लांब, वरून पाहिलं तर कुलपाच्या भोकासारखी दिसणारी. एवढी माती हलवायची तर कुदळी-फावडी लागणार, आणि ती घडवायला लोहार लागणार. साकाईतली लोहारकी तेव्हापासूनची, असं तिथले लोक सांगतात.

पुढं १५४३ साली पोर्तुगीजांबरोबर जपानमध्ये बंदूक आली. साकाईचे लोहार बंदुकीच्या नळ्या घडवू लागले. तंबाखू आली तेव्हा तंबाखू बारीक चिरायच्या सुऱ्या करू लागले. स्वयंपाकाच्या सुऱ्यांसाठी साकाई आजही नावाजलेलं आहे. तिथली एक सुरी तीन हातांतून जाते. एक जण पातं घडवतो, दुसरा धार लावतो, तिसरा मूठ बसवतो. प्रत्येकाचं घर वेगळं, काम वेगळं आणि त्या कामात त्याचा हात बसलेला.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी परदेशातून सायकली आल्या. त्या मोडल्या तर दुरुस्त कोण करणार? नळी सरळ कशी ठेवायची, पोलादाला पाणी कसं द्यायचं, बारीक आटे कसे पाडायचे, हे ज्यांना येत होतं ते हेच लोहार. बंदुकांना गिऱ्हाईक उरलं नव्हतं. दुरुस्ती करता करता ते भाग बनवू लागले, तेही सुरीसारखेच वाटून घेऊन.

गंमत पाहा, इंग्लंडमध्येही असंच झालं. आपल्या मुली ज्या कंपनीची लेडीबर्ड चालवत आल्या, त्या बीएसएच्या नावाचा अर्थच मुळी बर्मिंगहॅमच्या लहान बंदुका असा आहे. एकमेकींना टेकवून ठेवलेल्या तीन बंदुका हीच त्या कंपनीची खूण होती. शस्त्र करणाऱ्या हातांनी पुढं सायकल केली, हे दोन्हीकडं घडलं.

उतारावर टिकटिक करतो तो भाग

१९२१ साली शोझाबुरो शिमानो या तरुणानं साकाईत लहानसं वर्कशॉप काढलं. सुरुवात भाड्यानं घेतलेल्या एका लेथवर झाली, असं सांगतात. पूर्ण सायकल करायच्या भानगडीत तो पडला नाही. एकच भाग निवडला, फ्रीव्हील.

फ्रीव्हील म्हणजे मागच्या चाकावरचं दातेरी चक्र. उतारावर आपण पाय थांबवतो, तरी चाक फिरत राहतं आणि टिकटिक आवाज येतो, तो याचाच. त्याच्या पोटात स्प्रिंगवर बसवलेले छोटे खटके असतात. पाय मारला की खटके आतल्या दात्यांत अडकतात आणि चाक ओढलं जातं. पाय थांबवला की तेच खटके दात्यांवरून घसरत जातात. खटका बोटाच्या नखाएवढा, पण माणसाचं सगळं वजन चढावर तोच पेलतो. पोलाद कच्चं असलं तर तो झिजतो, मग पाय हवेत फिरतात आणि सायकल जागेवर राहते. फार कडक झालं तर तुकडा पडतो. म्हणजे त्या काळी अवघडातला अवघड भाग हाच. तो चांगला जमला, म्हणून नाव झालं. आज शिमानोचे गिअर आणि ब्रेक जगभरच्या सायकलींवर दिसतात, आपल्याकडच्या गिअरच्या सायकलींवरही. साकाईत त्यांचं सायकलींचं संग्रहालय आहे. ते १९९२ साली उघडलं आणि २०२२ मध्ये नव्या जागेत गेलं.

तिरप्या चौकटीची गोष्ट

पण संग्राहक ज्याच्यासाठी जास्त जीव टाकतात, ते नाव दुसरंच आहे, सनटूर. ओसाका भागातल्या माएदा कंपनीचा हा माल. कंपनी १९१२ सालची, म्हणजे शिमानोपेक्षा जुनी.

मागच्या चाकावर लहान-मोठी दातेरी चक्रं उतरंडीसारखी रचलेली असतात. गिअर बदलायचा म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलायची. ढकलणारी यंत्रणा पूर्वी आडवी सरळ सरकायची. मोठ्या चक्राजवळ ती नीट बसे, पण लहान चक्राशी आली की मध्ये खूप अंतर पडे आणि चेन चाचपडे. १९६४ साली माएदा कंपनीनं ती चौकट तिरपी केली. जिन्याचा कठडा कसा पायऱ्यांच्या उताराबरोबर जातो, कुठल्याही पायरीवर उभ्या राहा, हात तितक्याच उंचीवर पडतो, तसंच. चेन प्रत्येक चक्रापासून सारख्या अंतरावर राहू लागली आणि गिअर सफाईनं पडू लागला. एवढी साधी युक्ती.

या युक्तीवर त्यांचं पेटंट होतं. म्हणजे ठरावीक वर्षं दुसऱ्या कुणाला ती वापरता येणार नव्हती. त्या काळात सनटूरचे गिअर स्वस्त, टिकाऊ आणि चालायला चांगले म्हणून जगभर गेले. १९८४ च्या सुमारास पेटंटची मुदत संपली. त्याच वेळी शिमानोनं तिरपी चौकट घेतली आणि तिला नवी जोड दिली. खटका दाबला की 'टक्' आणि बरोबर एकच गिअर पुढं. चालवणाऱ्याला अंदाज घ्यायची गरज उरली नाही.

ही सोय होती, यात वाद नाही. पण तिच्यासाठी खटका, तार, चौकट आणि चक्रं, सगळ्यांची मापं एकमेकांशी तंतोतंत जुळावी लागतात. आधी एका कंपनीचा खटका आणि दुसरीची चक्रं चालून जायची. आता सायकल बनवणारे एकाच कंपनीचा सगळा संच घेऊ लागले. सनटूरनंही असा गिअर काढला, पण उशीर झाला होता. त्यात जपानी पैसा महाग झाला, तैवानमध्ये माल स्वस्तात बनू लागला. काही वर्षांत जुनी कंपनी विकली गेली, दुसरीत मिसळली आणि नाव तैवानला गेलं.

मैत्रिणींनो, गट म्हणून आपणही लोणची, पापड, मसाले करतो. आपल्याला वाटतं, एक चांगली युक्ती सापडली, एक चव जमली की झालं. सनटूरची गोष्ट सांगते, पहिली युक्ती काही वर्षं पोसते, कायमची नाही. त्या वर्षांत दुसरी तयार ठेवावी लागते.

आता कळलं ना, जुने सनटूर गिअर लोक का शोधतात? ते आजही चालतात, आणि ते करणारा जुना कारखाना राहिलेला नाही. असा माल सापडायचा तो गल्लीतल्या जुन्या सायकल दुकानात. दुकानदार म्हातारा झालेला, मुलं शहरात नोकरीला. फळीवर धूळ बसलेल्या खोक्यांत तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा न विकलेला माल. दुकान बंद होताना तो माल भंगारात गेला, तर त्या भागावर चालणारी जगातली कुठली तरी सायकल कायमची थांबते. संग्राहक धावपळ करतो ती यासाठी.

शिक्का मारलेले भाग

जपानमध्ये आणखी एक जागा आहे जिथून उत्तम जुने भाग निघतात. तिला केइरिन म्हणतात. ही सायकलची शर्यत, आणि तिच्यावर पैसे लावतात. पहिली शर्यत १९४८ साली कोकुरा शहरात झाली. महायुद्धात शहरं बेचिराख झाली होती, ती पुन्हा उभी करायला पैसा हवा होता, म्हणून सरकारी नियंत्रणात हे सुरू झालं. पैसे लावण्याचं कौतुक आम्ही करत नाही. त्यातून अनेक घरं बुडतात, हे आपण आपल्या गावातही पाहतो. पण इथं शिकण्यासारखी एक गोष्ट आहे.

लोकांचे पैसे लागलेले, म्हणजे भांडण होणारच. अमुक जिंकला तो पायाच्या ताकदीवर की महागड्या सायकलीवर? म्हणून नियम केला, हँडलपासून पेडलपर्यंत प्रत्येक भाग तपासून पास झालेलाच पाहिजे. पास भागावर एनजेएस अशी तीन अक्षरं उमटवतात. एकच गिअर, ब्रेक नाही, भाग ठरलेले. मग फरक राहतो तो माणसाच्या दमाचा.

या नियमामुळे निट्टोची हँडलं, सुगिनोचे क्रँक, मिकाशिमाची पेडलं अशा एकेका भागातल्या कंपन्यांना काम मिळत राहिलं. मिकाशिमा टोकियोला लागून असलेल्या सैतामा प्रांतात आहे आणि अजून पेडलं करते. त्यातली अनेक पेडलं उघडून आतले छर्रे काढता येतात, ग्रीस भरून पुन्हा बसवता येतात. मोडलं की फेका, असं नाही. खेळाडूंनी वापरून काढलेले शिक्क्याचे भाग दुकानांत येतात आणि संग्राहक ते आनंदानं घेतात.

बायकांच्या शर्यतीही सुरुवातीच्या काळात होत्या. १९६४ साली त्या बंद केल्या गेल्या. पुन्हा सुरू व्हायला २०१२ साल उजाडलं. मध्ये अठ्ठेचाळीस वर्षं गेली.

कपाटात न मांडली जाणारी सायकल

इतकं सगळं वाचल्यावर आमच्या लक्षात एक गोष्ट आली. संग्राहक शर्यतीचे भाग शोधतात, लांबच्या सफरीचे भाग शोधतात. पण जपानच्या रस्त्यावर सगळ्यात जास्त कष्ट करणारी सायकल त्यांच्या पिशवीत क्वचितच असते. तिला तिथं 'मामाचारी' म्हणतात. मामा म्हणजे आई. आईची सायकल.

मधली दांडी खाली वाकवलेली, म्हणजे कुठलेही कपडे घालून सहज बसता येतं. पुढं टोपली, त्यात भाजी. चेनवर झाकण, म्हणजे कपडा अडकत नाही. भक्कम स्टँड, डायनामोचा दिवा, मागच्या चाकाला कुलूप. पुढं-मागं मुलांना बसवायच्या खुर्च्या. मूल बालवाडीत सोडायचं, तशीच बाजारात जायचं, परत येताना त्याला घ्यायचं, सगळं हिच्यावर.

दोन मुलांना सायकलवर बसवायला तिथं नियमानं मनाई होती. तरी आया बसवत होत्या, कारण दुसरा इलाज नव्हता. २००८ च्या सुमारास पोलीस हा नियम कडक करणार अशी चर्चा निघाली तेव्हा आयांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं सरळ होतं, दोन मुलं असलेल्या बाईनं मग जायचं कसं? शेवटी उलट मार्ग निघाला. दोन मुलांचं वजन घेऊनही डगमगणार नाही, चौकट थरथरणार नाही, ब्रेक नीट लागेल, अशा सायकलीचे निकष ठरले. २००९ पासून त्या निकषात बसणाऱ्या सायकलीवर दोन लहान मुलं नेण्याची परवानगी मिळाली. म्हणजे आईला बदला म्हणण्याऐवजी सायकल बदलली. बायका बोलल्या नसत्या तर हे झालं नसतं.

आपल्या गटासाठी

तर प्रश्नाचं उत्तर. जपानहून पिशवी भरून आणणारा तो माणूस वेडा नाही. सायकल तिच्यातल्या सगळ्यात लहान भागाइतकीच जगते, हे त्याला कळलेलं आहे. हे आपल्याला कळायला जपानला जायची गरज नाही. पुढच्या बैठकीत या चार गोष्टी बोला.

एक, मुलीसाठी सायकल घेताना रंगाआधी हे विचारा, हिचे भाग आपल्या आठवडी बाजारात मिळतात का? गिअरची घेतली तर मागच्या गिअरची पट्टी एक जादा त्याच दिवशी मागून घ्या. ती पट्टी मुद्दाम नरम असते, धक्का बसला की ती वाकावी आणि चौकट वाचावी म्हणून. म्हणजे ती कधी तरी मोडणारच.

दोन, टायरच्या कडेला छापलेलं माप वहीत लिहून ठेवा. २६ × १ ३/८ आणि २६ × १.७५ दोन्ही सव्वीसच, पण एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. नुसतं "सव्वीसचा द्या" म्हटलं तर फेरी फुकट जाते.

तीन, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. सैल करताना पाना पेडलच्या दांड्यावर उभा लावून वरचं टोक मागच्या चाकाकडे ओढा. ही खूण दोन्ही पेडलांना चालते. उलटी ताकद लावली तर आटे जातात आणि क्रँक बदलावा लागतो.

चार, गटातल्या मुलींच्या सायकलींसाठी एक डबा करा. ट्यूब, पंक्चरचं सोल्युशन आणि रबर, ब्रेकचे गुटके, ब्रेकची तार, चेनच्या दोन कड्या, थोडे छर्रे, ग्रीस आणि दोन पाने. खर्च वाटून घेतला तर जड जात नाही.

आणि त्या मुलीची सायकल? आमच्याच बाजारात एक म्हातारे सायकलवाले काका आहेत. त्यांच्याकडे तेलकट पत्र्याचा डबा आहे, वीस वर्षांचे निकामी भाग त्यात. त्यांच्या दुकानात घरचेही म्हणतात, "हे भंगार देऊन टाका." मोडकी पट्टी हातात घेऊन आम्ही त्यांच्यापुढं बसलो. त्यांनी डबा पोत्यावर ओतला, एकेक पट्टी लावून पाहिली. सातवी की आठवी जवळपास जुळली. कानसीनं थोडी घासली आणि बसली. पैसे विचारले तर म्हणाले, "चहा पाजा."

दुसऱ्या दिवशी मुलगी सायकलवरून शाळेत गेली. काकांचा डबा त्यांच्यामागं भंगारात जाऊ नये, त्यातलं काय कशाला बसतं हे कुणी तरी आत्ताच त्यांच्याजवळ बसून शिकावं, असं आम्हाला वाटतं. आमच्या गटातल्या दोघींनी तयारी दाखवली आहे. तुमच्या बाजारात असे काका असतील तर आम्हाला कळवा.